'वाया गेलेल्या' पोरांचा प्रश्न कुणाचा?

जुलै २०२५ मध्ये जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे एका शाळेच्या वसतिगृहात आठ वर्षांच्या मुलाचा खून झाला. संशयावरून पोलिसांनी ज्यांना ताब्यात घेतले, ती दोघेही अल्पवयीन मुले होती. त्या मुलांच्या मनात काय चालले होते, हे ठरवण्याचा अधिकार बाल न्याय मंडळाचा आहे, वर्तमानपत्राचा नाही. त्यामुळे त्या प्रकरणात आम्ही शिरणार नाही. परंतु अशी घटना घडली की महाराष्ट्रात दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, "वय कसले बघता, फाशी द्या." दुसरा म्हणतो, "हल्लीच्या पोरांवर संस्कारच नाहीत." पहिल्याला धाक हवा असतो, दुसऱ्याला कीर्तन-प्रवचन. तिसरा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. एखादे मूल हिंसेपर्यंत पोहोचते, त्याआधी दोन-चार वर्षे ते आपल्या वागण्यातून काहीतरी सांगत असते. ते ऐकून घ्यायला जिल्ह्यात कुणी नेमलेले आहे काय?

हा प्रश्न आंबेडकरी चळवळीने विचारला पाहिजे. कारण "पोरगं वाया गेलं" हा शिक्का सगळ्यांच्या पोरांवर सारख्याच जोराने बसत नाही. बंगल्यातला मुलगा मारामारी करू लागला, चोरी करू लागला, तर त्याला काहीतरी 'प्रॉब्लेम' असतो. भीमनगरातला, पारधी पालावरचा, कैकाडी वस्तीतला मुलगा तेच करू लागला, तर तो 'तसलाच' असतो. एकाला समुपदेशक भेटतो, दुसऱ्याला हवालदार. आजार एकच असला तरी उपचार जात आणि ऐपत पाहून ठरतो. म्हणून हा विषय केवळ डॉक्टरांचा राहत नाही, तो सामाजिक न्यायाचा होतो.

मानसशास्त्रात या आजाराला कंडक्ट डिसऑर्डर म्हणजे वर्तनविकार म्हणतात. प्रत्येक खोडकर, उद्धट किंवा भांडखोर मुलाला तो नसतो, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. निदानाच्या कसोट्या ठरलेल्या आहेत. माणसांना किंवा मुक्या जनावरांना क्रूरपणे मारणे. मालमत्तेची नासधूस किंवा जाळपोळ. खोटेपणा आणि चोरी. रात्री-बेरात्री घराबाहेर राहणे, पळून जाणे, शाळा बुडवणे यांसारखे गंभीर नियमभंग, असे चार गट आहेत. त्यांतील पंधरापैकी किमान तीन लक्षणे गेल्या बारा महिन्यांत आणि किमान एक लक्षण गेल्या सहा महिन्यांत दिसले पाहिजे. शिवाय त्यामुळे मुलाचे घर, शाळा, मैत्री मोडकळीला आलेली असली पाहिजे. एका भांडणावरून, एका चोरीवरून हे निदान होत नाही. ते शिक्षकाने, सरपंचाने किंवा ठाणेदाराने करायचे नसते.

जागतिक पाहणीत हे प्रमाण मुलांमध्ये साडेतीन टक्क्यांच्या आसपास आणि मुलींमध्ये दीड टक्क्यांच्या आसपास धरले जाते. जालना जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १९ लाख ५९ हजार होती. तेरा ते सतरा वयाची मुले-मुली त्यात दहा टक्के धरली, तर ती दोन लाखांच्या घरात जातात. आपल्याकडचे प्रमाण जगाच्या निम्मे आहे असे समजून हा ढोबळ हिशेब केला, तरी अडीच हजार मुले-मुली होतात. प्रत्येक तालुक्याच्या वाट्याला तीनशेच्या वर. ही मुले कुठे आहेत? शाळेच्या हजेरीपटावर ती 'सतत गैरहजर' आहेत, गावाच्या तोंडी 'उनाड' आहेत आणि पोलीस ठाण्याच्या नोंदीत 'संशयित' आहेत. रुग्ण म्हणून ती कुठल्याच वहीत नाहीत.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा पाठपुरावा शास्त्रज्ञांनी दशकानुदशके केला आहे. त्या अभ्यासातील टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये एक महत्त्वाचा फरक दाखवला. काही थोड्या मुलांचे असे वागणे अगदी लहानपणी सुरू होते आणि मदत मिळाली नाही तर मोठेपणीही टिकते. बहुसंख्य मुलांचे ते किशोरवयात सुरू होते आणि वय वाढले, कामधंदा मिळाला, संसार झाला की मागे पडते. पण त्यासाठी एक अट आहे. मधल्या काळात तो मुलगा कुठल्या सापळ्यात अडकता कामा नये. शाळेतून नाव काढले जाणे, व्यसन, पोलिसांची नोंद, तुरुंग हे ते सापळे. आता विचार करा, हे सापळे कुणाच्या वाटेवर जास्त लावलेले आहेत? श्रीमंताच्या मुलाची चूक वयाबरोबर विसरली जाते. गरिबाच्या मुलाची चूक फाईलमध्ये राहते.

जालना जिल्ह्याचे वास्तव या दृष्टीने पाहिले पाहिजे. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतून हा जिल्हा तयार झाला. शहरात लोखंडाच्या रोलिंग मिल आणि बियाणांचा मोठा उद्योग, शिवारात मोसंबीच्या बागा. हा जिल्हा बाहेरून संपन्न दिसतो. तरी २०११ च्या जनगणनेत साक्षरतेत तो नंदुरबारच्या खालोखाल तळाला, साडेएकाहत्तर टक्क्यांवर होता. दिवाळी झाली की अंबड, घनसावंगी भागातून ऊसतोडीचे कोयते मुकादमाची उचल घेऊन बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरे एकतर फडावर जातात, नाहीतर म्हाताऱ्या आजीजवळ राहतात. चार-सहा महिने आई-बाप नाहीत, शाळेत लक्ष नाही, गावात विचारणारे कुणी नाही. परतल्यावर बाप थकलेला, कर्जात, कधी दारूत.

याचा अर्थ गरिबीतून आणि स्थलांतरातून वर्तनविकार निपजतोच, असा नव्हे. याच घरांतून हजारो मुले शिकून पुढे गेली आहेत आणि बंगल्यांतही हा विकार असतो. परंतु हा विकार वाढतो कसा, याची यंत्रणा समजून घेतली तर ही परिस्थिती मुलाला कुठे गाठते ते कळते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जेराल्ड पॅटरसन यांनी अशा मुलांच्या घरातला रोजचा व्यवहार वर्षानुवर्षे बारकाईने पाहिला. त्यांनी मांडलेले चक्र आपल्या भाषेत असे सांगता येईल. आजी म्हणते, पाणी आण. पोरगा म्हणतो, नाही. आजी पुन्हा सांगते, पोरगा ओरडतो, तांब्या फेकतो. आजी थकते आणि स्वतः जाते. पोरगा शिकला की ओरडले की सुटका होते. दुसऱ्या दिवशी चुलता पट्ट्याने मारतो, तेव्हा पोरगा गप्प बसतो. चुलता शिकला की मारले की काम होते. दोघेही एकमेकांचे मास्तर! असे दिवसातून दहा वेळा, वर्षातून तीनशे पासष्ट दिवस चालले की तो मुलगा शाळेतही हीच भाषा बोलू लागतो. शाळा त्याला हाकलते. मग त्याच्यासारखीच हाकललेली पोरे त्याला मित्र म्हणून मिळतात आणि तिथे मात्र त्याला मान असतो.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. वर्गात जातीवरून हिणवले म्हणून एखाद्या मुलाने समोरच्याच्या कानशिलात लगावली, तर तो विकार समजायचा काय? मुळीच नाही. तो अपमानाला दिलेला जबाब आहे. हात उचलणे चूक ठरवा, पण आधी काय घडले ते विचारा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ३ मध्ये स्पष्ट तरतूद आहे की, राजकीय, आर्थिक किंवा सामाजिक दर्जा, एखाद्या सांस्कृतिक, वांशिक वा धार्मिक समूहाचे सदस्यत्व किंवा समाजातील रूढ मूल्ये न पाळणे, यावरून कुणाला मानसिक आजार आहे असे ठरवता येणार नाही. हे कलम आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ केले पाहिजे. व्यवस्थेविरुद्धचा राग हा आजार असता, तर महाडच्या तळ्यावर गेलेले सगळेच आजारी ठरले असते.

ही भीती काल्पनिक नाही. या देशात वागणुकीचा शिक्का जन्मावर मारण्याचा कायदा होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांची मुले आई-बापांपासून तोडून वेगळ्या सुधारवसाहतीत ठेवण्याची मुभा सरकारला दिली. चार वर्षांच्या पोराचा गुन्हा काय? तर तो त्या जमातीत जन्मला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला, पण सवयीच्या गुन्हेगारांसंबंधीचे कायदे त्याची सावली म्हणून राहिले. तुरुंगाच्या नियमावल्यांत जातीवर आधारलेली कामाची वाटणी आणि विमुक्त जमातींविषयीचा हा पूर्वग्रह अगदी परवापर्यंत छापील स्वरूपात होता. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणातील निकालात ते नियम घटनाबाह्य ठरवले. जो शिक्का पुसायला प्रजासत्ताकाला इतकी वर्षे लागली, तो 'वर्तनविकार' असे नवे शास्त्रीय नाव घेऊन पालावर परत येऊ नये.

म्हणजे धोका दोन्हीकडे आहे. शिक्क्याच्या भीतीने निदानच नाकारले, तर खरोखर मदत हवी असलेला मुलगा उपचाराविना राहतो. निदान पोलिसांच्या हाती दिले, तर जातीचा जुना शिक्का नव्या शाईने उमटतो. यातून वाट एकच. निदान आणि उपचार आरोग्य खात्याच्या, शाळेच्या आणि समाजाच्या हाती असावेत, ते वेळेवर व्हावेत, आणि त्यांचा उपयोग मुलाला बाहेर काढण्यासाठी नव्हे तर आत ठेवण्यासाठी व्हावा.

उपचार आहेत काय? आहेत. आणि ते मुख्यतः गोळीचे नाहीत. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०१३ मध्ये दिलेल्या सूचनांत वर्तनविकारासाठी सरसकट औषधे देऊ नयेत, असे म्हटले आहे. मुख्य उपचार प्रशिक्षणाचा आहे. आधी मुलाची ऐकू येण्याची, वाचता येण्याची, लक्ष टिकण्याची आणि नैराश्याची तपासणी करायची. कारण सातवीत गेलेल्या पण वाचता न येणाऱ्या पोराला वर्गात रोज होणाऱ्या फजितीपेक्षा वर्गाबाहेर हाकलले जाणे परवडते.

लहान मुलांच्या बाबतीत प्रशिक्षण आधी पालकांना दिले जाते. चांगले वागला तर नेमके काय चांगले केले ते लगेच सांगणे. हुकूम एकच, थोडक्यात आणि शांतपणे देणे. किरकोळ कुरबुरीकडे दुर्लक्ष करणे. चुकीची शिक्षा छोटी, ठरलेली आणि प्रत्येक वेळी तीच असणे. मार नाही आणि एक दिवस लाड, एक दिवस पट्टा असेही नाही. ऐकायला हे सोपे वाटते, पण थकलेल्या माणसाला ते सरावाशिवाय जमत नाही. म्हणून आठ-बारा आठवडे प्रत्यक्ष करून घ्यावे लागते.

किशोरवयीन मुलांसाठी येल विद्यापीठातील ॲलन कॅझडिन यांनी प्रश्न सोडवण्याचे प्रशिक्षण विकसित केले. आर्नोल्ड गोल्डस्टीन यांनी १९८७ मध्ये रागावर ताबा, व्यवहारातली कौशल्ये आणि नैतिक विचार या तिन्हींचा मिळून अभ्यासक्रम तयार केला. या सगळ्याचे सार असे आहे. या मुलांना समोरच्याच्या साध्या कृतीतही वैर दिसते. कुणाचा धक्का लागला की मुद्दाम मारला असे वाटते. राग चढताना अंगात काय होते, हे त्यांना ओळखायला शिकवतात. मग थांबणे, दुसरा अर्थ शोधणे, चार मार्ग मोजणे, एक निवडणे आणि नंतर तपासणे. हे फळ्यावर शिकवून भागत नाही. खरी भांडणे नाटकासारखी वठवून, पुन्हा पुन्हा घोटून घ्यावी लागते.

अमेरिकेतील शिकागो शहरात गरीब, प्रामुख्याने काळ्या आणि लॅटिनो वस्त्यांतील मुलांसाठी 'बिकमिंग अ मॅन' नावाचा कार्यक्रम चालतो. त्यातला एक खेळ सांगण्यासारखा आहे. दोघांच्या जोड्या करतात. एकाच्या मुठीत चेंडू देतात आणि दुसऱ्याला सांगतात, तीस सेकंदांत तो काढून घे. जवळजवळ सगळे झटापट करतात. मग शिक्षक विचारतो, "तू नुसता मागितला का नाहीस?" मुले म्हणतात, त्याने दिलाच नसता. जोडीदाराला विचारले तर तो म्हणतो, मागितला असता तर दिला असता, चेंडूच तर आहे! हा कार्यक्रम चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या हजारो मुलांवर तपासला गेला. कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका जवळपास निम्म्याने कमी झाल्या, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. शाळा पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाणही वाढले. मात्र कार्यक्रम थांबल्यावर अटकांवरचा परिणाम फारसा टिकला नाही. याचा अर्थ असा की, एक दिवसाचे शिबिर आणि वर्तमानपत्रातला फोटो यांनी काहीही होणार नाही. काम सलग केले पाहिजे.

काय करू नये, हेही संशोधनाने सांगितले आहे. मुलांना तुरुंग दाखवून, कैद्यांकडून दम देऊन घाबरवण्याचे प्रयोग अमेरिकेत झाले. त्या मुलांचे गुन्हे कमी होण्याऐवजी वाढले. १९९९ मध्ये टॉमस डिशियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की अशा मुलांनाच तेवढे एकत्र आणून गट केले, तर ती एकमेकांना शाबासकी देऊन आणखी बिघडू शकतात. आपल्याकडे नेमके हेच दोन उपाय लोकप्रिय आहेत. ठाण्यात नेऊन पट्टा दाखवायचा, नाहीतर सगळ्या 'तसल्या' पोरांना एका खोलीत कोंडायचे. निरीक्षणगृहात पोराला ठेवून द्यायचे आणि प्रशिक्षण द्यायचे नाही, ही सुधारणा नव्हे. तो सरकारी खर्चाने चालणारा बिघाड आहे.

आपल्या विहारांमधून आनापान शिकवले जाते. महाराष्ट्र शासनानेही २०११-१२ च्या सुमारास 'मित्र उपक्रम' या नावाने ते शाळांत नेले. श्वासाकडे लक्ष देण्याचा सराव रागाच्या क्षणी थांबायला मदत करू शकतो आणि तो चालू राहिला पाहिजे. पण तेवढ्याने वर्तनविकार बरा होईल, अशा समजुतीत राहू नये. ब्रिटनमधील ऐंशीहून अधिक शाळांत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सगळ्या मुलांना सरसकट सजगतेचे धडे देऊन नेहमीच्या शिक्षणापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. बुद्धाचा धम्म तपासून घ्यायला सांगतो, म्हणून हेही तपासूनच घेतले पाहिजे.

आता कुणीही विचारील, जालन्यात हे करणार कोण? मानसोपचारतज्ज्ञ आहेत कुठे? याचे उत्तर बिहारमधील नालंदा जिल्ह्याने दिले आहे. गोव्यात स्थापन झालेल्या 'संगाथ' संस्थेने तेथील ७४ सरकारी माध्यमिक शाळांत 'सेहेर' हा कार्यक्रम तपासला. काही शाळांत स्थानिक तरुण-तरुणींना प्रशिक्षण देऊन समुपदेशक नेमले, काही शाळांत तेच काम शिक्षकांवर सोपवले. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, स्थानिक समुपदेशक होते त्या शाळांत दादागिरी, हिंसा आणि नैराश्य कमी झाले. शिक्षकांवर काम टाकलेल्या शाळांत फरक पडला नाही. हा कार्यक्रम सगळ्या शाळेसाठी होता, वर्तनविकाराच्या उपचारासाठी नव्हता. तरीही ज्या नालंदेत एकेकाळी जग शिकायला येत होते, त्या नालंदेने पुन्हा एक धडा शिकवला आहे. पदवी घेऊन घरी बसलेले आपले तरुण या कामाला योग्य आहेत. त्यांना पगार, प्रशिक्षण आणि वर मार्गदर्शनाला एक तज्ज्ञ मिळाला पाहिजे. गावोगाव कार्यकर्ता नेमून काम करता येते, हे बार्टीने समतादूतांच्या रूपाने दाखवून दिलेच आहे.

सरकारजवळ चौकट नाही, असेही नाही. मराठवाड्याला स्वतःचे मनोरुग्णालय नव्हते. ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर हीच चार ठिकाणे होती. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जालन्यात ३६५ खाटांच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला मंजुरी दिली. २०२४ मध्ये जालन्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे. 'टेलिमानस' ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनेचा पहिला टप्पा २०२१ मध्ये मंजूर झाला, तेव्हा त्यात घनसावंगी आणि अंबड हे तालुके होते. पण मनोरुग्णालयाच्या खाटा या मुलांच्या कामाच्या नाहीत. या मुलाला भरती करायचे नसते, त्याच्या घरी, शाळेत, वस्तीत जायचे असते. त्यामुळे इमारतीच्या उद्घाटनावर समाधान मानू नये.

आमच्या मागण्या नेमक्या आहेत. पहिली, जिल्ह्यातील प्रत्येक शासकीय, अनुदानित आणि खाजगी वसतिगृहाला फिरता का होईना, पण प्रशिक्षित समुपदेशक असावा. पंचवीस-तीस लहान मुले आणि किशोरवयीन मुले एका छताखाली रात्र काढतात तेथे गृहपाल नुसता कुलूप लावणारा असून चालणार नाही. दुसरी, आठही तालुक्यांत पालक प्रशिक्षणाचे वर्ग ऊसतोडीला निघण्यापूर्वी आणि परतल्यानंतर व्हावेत, आणि त्यात मागे राहणाऱ्या आजी-आजोबांना बोलवावे. तिसरी, शाळेतून नाव काढण्यापूर्वी मुलाची तपासणी सक्तीची असावी. चौथी, या कामासाठी जिल्हा नियोजन समितीने अनुसूचित जाती उपयोजनेतून निधी द्यावा. दरवर्षी मार्चअखेर हा निधी कुठे जातो, हे आपण जाणतो. पाचवी, अंगणवाडीचा आहार सुधारा. मॉरिशसमध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दोन वर्षे चांगला आहार, व्यायाम आणि शिक्षण दिले गेले. ती मुले सतरा वर्षांची झाल्यावर त्यांच्यात वर्तनविकाराची लक्षणे कमी आढळली, आणि लहानपणी कुपोषित असलेल्यांना सर्वाधिक फायदा झाला. वर्तनविकाराची लस म्हणायची तर ती अंगणवाडीच्या ताटात आहे.

कायद्याचेही बोलले पाहिजे. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे महागड्या गाडीने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. गाडी चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला काही तासांत जामीन मिळाला आणि अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली. देश संतापला. पण आमचा आक्षेप मुलाला सुधारण्याची संधी मिळण्यावर नाही. बालन्याय कायदा त्यासाठीच आहे. आमचा सवाल असा की, मोबाईल चोरल्याच्या संशयावरून धरलेल्या पारधी पोराला तो कायदा इतक्या तत्परतेने का सापडत नाही? सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घोर अपराधाचा आरोप असेल, तर २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्याच्या मानसिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यमापन करावे लागते. १३ जुलै २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मंडळावर बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाचे साहाय्य घेणे बंधनकारक आहे. आपल्या वकील बांधवांनी प्रत्येक प्रकरणात हे मागितले पाहिजे. मुलाचे नाव छापण्यास, दाखवण्यास कलम ७४ ने बंदी आहे. व्हॉट्सॲपवर फोटो फिरवणाऱ्या आपल्याच तरुणांनी हे ध्यानात घ्यावे.

शेवटी एक आठवण, जी प्रत्येक आंबेडकरी घरात माहीत असावी. आई गेलेली, वडिलांनी दुसरे लग्न केलेले, साताऱ्यातला एक मुलगा नाराज होता. मुंबईच्या गिरणीत पोरांना काम मिळते असे त्याने ऐकले होते. घरातून पळून जायचे ठरवून त्याने आत्याच्या कमरेचा बटवा चोरण्याचा प्रयत्न केला. तीन रात्री जमले नाही. चौथ्या रात्री बटवा हाती लागला, त्यात निघाला अर्धा आणा. तेवढ्यात मुंबई गाठता येणार नव्हती. त्याने पळून जाण्याचा विचार सोडला आणि अभ्यास करून स्वतःच्या पायावर उभे राहायचे ठरवले. हा मुलगा म्हणजे भीमराव. हे बाबासाहेबांनी स्वतःच सांगितले आहे. चोरी आणि पळून जाणे ही दोन्ही लक्षणे वर सांगितलेल्या यादीत आहेत. त्या रात्रीवरून कुणी शिक्का मारला असता तर?

निश्चय भीमरावांचा स्वतःचा होता. पण त्यांच्या वाट्याला जागोजागी अपमान करणारी माणसे आली, तशी काही वेगळी माणसेही आली. पावसात भिजून आलेल्या त्या मुलाला स्वतःच्या घरी पाठवून कोरडे कपडे देणारे पेंडसे गुरुजी होते. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेल्या त्या विद्यार्थ्याला पुस्तके देणारे केळुसकर गुरुजी होते. आज जालन्याच्या वस्तीत नाराज होऊन बसलेल्या पोराला असा माणूस योगायोगाने भेटण्याची वाट पाहायची काय? तो पगारावर नेमला गेला पाहिजे, प्रशिक्षित असला पाहिजे आणि दर आठवड्याला आला पाहिजे.

येत्या १४ एप्रिलला जिल्ह्यातील प्रत्येक जयंती मंडळाने दोन गोष्टी कराव्यात. आपल्या वस्तीतील शाळा सोडलेल्या मुलांची यादी करावी. ती चव्हाट्यावर न आणता, नावे गुप्त ठेवून, त्यांच्या घरी जावे आणि कुणाला मदत हवी आहे ते पाहावे. आणि वरील पाच मागण्यांचे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना व पालकमंत्र्यांना द्यावे. डीजेच्या एका रात्रीचा खर्च वाचवला, तर दोन तरुणांचे प्रशिक्षण होते. सरकार जागे होईपर्यंत सुरुवात तेवढ्यानेही करता येईल.